बरबटीची सोबत : परसबागेत कोणाशेजारी काय लावायचं?



मागच्या वर्षी पोळ्याच्या आधीची गोष्ट. ग्रामसंघाची बैठक सुरू होती. बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे हप्ते झाले आणि मग परसबागेचा विषय निघाला. तेव्हा आमच्या गावातली एक ताई उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तू सांगतलं म्हणून मी वांग्याजवळ बरबटी लावली. बरबटीचा वेल झाला घरावरी, पण माझी वांगी गेली ना! आता भाजी बाजारातूनच आणतो."

दोन-तीन जणींनी माना हलवल्या. त्यांचंही तसंच झालं होतं. मी कृषी सखी म्हणून काम करते. "बरबटी लावा, ती जमिनीला खत देते, शेजारच्या झाडाला फायदा होतो" हे मीच घरोघरी सांगत फिरले होते. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईच्या सांदवाडीत जाऊन बघितलं, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. तेव्हा उरलेलं अर्धं या अंकात सांगते.

हे आपल्याला नवीन नाही

शेंगेचं पीक दुसऱ्या पिकाच्या सोबतीला लावायचं, ही गोष्ट आपल्या आरमोरीकडे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. धानाच्या बांधीत आपण रोवणी करतो आणि पाळीवर तूर टोबतो. धान कापणीला आला की ओल्या बांधीत लाखोळी फेकतो. धान निघून जातो आणि त्याच ओलीवर लाखोळी वाढते. वेगळी नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही.

यात दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. तुरीला जागा दिली ती पाळीवर, म्हणजे धानाला तिची सावली फार पडत नाही आणि तुरीच्या मुळाशी पाणी साचत नाही. लाखोळीला वेळ दिली ती धान संपता संपता, म्हणजे दोघांची ओढाताण होत नाही. जागा वेगळी किंवा वेळ वेगळी. आपल्या आज्या-सासवांनी हे बांधीत नेमाने केलं. आपण परसबागेत मात्र सगळं एकाच दिवशी, एकाच वाफ्यात, हातभर अंतरावर टाकतो आणि मग बरबटीला दोष देतो.

जगात दुसरीकडेही बायांनी हेच केलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी या आदिवासी लोकांत शेती बायांच्या हातात होती. त्या मक्का, घेवडा आणि कोहळं (लाल भोपळा) एकाच ढिगावर लावायच्या आणि त्यांना 'तीन बहिणी' म्हणायच्या. मक्का उभा राहतो, घेवडा त्याला धरून चढतो आणि कोहळ्याची रुंद पानं जमीन झाकून तण दाबतात. एक वर, एक मधात, एक खाली. तिघींनी आपापली जागा वाटून घेतली, म्हणून तिघी एका घरात नांदतात.

बरबटी खत देते, पण कधी?

बरबटी, वाल, पोपट, तूर, मूग, उडीद ही सगळी एका घराण्यातली. यांच्या मुळांवर लहान लहान गाठी येतात. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू हवेतलं नत्र धरतात आणि झाडाला वापरता येईल असं करून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. बचत गटासारखाच व्यवहार आहे: दोघंही आपापलं टाकतात आणि दोघांचंही भागतं.

आता मी जे सांगायचं विसरले होते ते. हे नत्र बरबटी आधी स्वतःसाठी वापरते. ती हिरवी असताना शेजारच्या वांग्याला त्यातलं फारच थोडं मिळतं. बरबटीची मुळं आणि पानं जमिनीत कुजतात, तेव्हा ते नत्र मातीत येतं आणि मागच्या पिकाला मिळतं. म्हणजे बरबटीची सोबत ही आज दिलेली उसनवारी नाही. ती मागे ठेवून गेलेली बचत आहे.

यातून तीन गोष्टी निघतात.

१. शेंगा संपल्यावर वेल उपटू नका. जमिनीलगत विळ्याने कापा. मुळं आणि गाठी मातीतच राहू द्या. मी स्वतः किती वर्षं वेल ओढून काढायची, ढीग करायची आणि जाळायची. म्हणजे वर्षभराची बचत चुलीत घालायची. कापलेला वेल निरोगी असेल तर त्याच वाफ्यात अंथरा. रोगट असेल तर तेवढा बाहेर काढा.

२. त्याच जागेवर पुढे पालेभाजी, सांभार, मुळा, टमाटर किंवा वांगी घ्या. पालेभाजीला नत्र जास्त लागतं, ती अशा जागेवर चांगली येते.

३. बरबटी लावली म्हणून शेणखत बंद करू नका. शेंगा आणि दाणे आपण खातो, त्यांच्यासोबत बरंच नत्र आपल्या ताटात जातं. स्फुरद, पालाश तर बरबटी हवेतून आणूच शकत नाही. दहा फूट बाय दहा फूट वाफ्याला दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत लागतंच.

गाठी काम करतात का, हे कसं ओळखायचं?

झाड फुलावर आलं की एखादं झाड कुदळीने हळूच खणून काढा. ओढू नका, नाहीतर गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात धुवा. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर काम सुरू आहे. पांढरी, हिरवट किंवा पोकळ असेल तर काम होत नाही.

एक गोष्ट नीट बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने सहज सुटते. मूळच जागोजागी सुजल्यासारखं जाड झालं असेल आणि ती सूज सुटून येत नसेल, तर ती सूत्रकृमीची गाठ आहे. ती रोगाची खूण. अशा वाफ्यात वांगी, टमाटर, मिरची आणि बरबटी एकामागून एक घेऊ नका, कारण सूत्रकृमी या सगळ्यांना लागतो. एक हंगाम तिथे दाट झेंडू लावा. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतो, आणि फुलं दसऱ्या-दिवाळीला कामी येतात.

गाठी का येत नाहीत? बहुतेक वेळा दोन कारणं असतात. पहिलं, पाणी साचणं. आपल्याकडे आषाढात पाऊस थांबत नाही आणि मुळाला हवा मिळत नाही. म्हणून बरबटी सपाट जमिनीत लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा आणि बाजूने नाली काढा. दुसरं कारण युरिया. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचा आळस करतं, पानं-वेल वाढवतं आणि शेंगा कमी धरतं. मागच्या वर्षी त्या ताईने धानाला टाकून उरलेला युरिया मूठभर बरबटीलाही टाकला होता. वेल घरावर गेला तो त्याच्यामुळेच.

नवीन जागा असेल, तिथे कधी बरबटी-तूर झालीच नसेल, तर बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू खत लावा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं, म्हणून एका पाकिटात गावातल्या सगळ्या परसबागा होतात. गुळाच्या घट्ट पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. पाकीट नाही मिळालं तर जुन्या, निरोगी बरबटीच्या वाफ्यातली ओंजळभर माती नवीन वाफ्यात मिसळा. जिवाणू त्या मातीत असतातच.

कोणती शेंग कुठे?

सगळ्या शेंगा एका स्वभावाच्या नाहीत. इथेच आपली जास्त गफलत होते.

*बुटकी बरबटी:* झुडपासारखी राहते, चढत नाही. दीड ते दोन महिन्यांत शेंगा देते. वांगी-मिरचीच्या ओळींत लावायची ती हीच.

*वेलाची लांब बरबटी:* आधार मागते. मक्क्यावर, बांबूच्या काड्यांवर किंवा मांडवावर चढवा. वांग्याजवळ लावली तर वांग्यालाच आधार समजून गुंडाळते. त्या ताईच्या वांग्याचं हेच झालं. दुकानातून आणलेल्या पाकिटात वेलाची जात होती आणि ते आम्ही कोणीच बघितलं नव्हतं.

*वेलाचा वाल:* मोठा आणि जड वेल. पावसाळ्यात लावला तरी गावरान वालाला फुलं येतात ती दिवस लहान व्हायला लागल्यावर. दिवाळीपासून शेंगा सुरू होतात आणि पुढे थंडीभर चालतात. तोवर नुसता पाला दिसतो, म्हणून "वांझोटा निघाला" म्हणून कापून टाकू नका. याची जागा कुंपणावर. मक्क्यावर लावला तर मक्का आडवा होतो.

*घेवडा (बीन्स):* थंडीत चांगला येतो, पण हवेतलं नत्र धरण्यात कमजोर. त्याला शेणखत थोडं जास्त द्या आणि जमिनीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

तीन मांडण्या

*पहिली : मक्का, वेलाची बरबटी आणि कोहळं*

मृगाचा पाऊस झाला की आधी मक्का टोबा. एका लांब ओळीत नको. चार ओळी, ओळीत चार झाडं, असा चौकोन करा. मक्क्याच्या तुऱ्यातले परागकण वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतात. एकच ओळ असेल तर ते बाहेर उडून जातात आणि कणीस अर्धं रिकामं निघतं. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा.

मक्का गुडघ्याएवढा झाला, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, मग बरबटी टोबा. मक्क्याच्या बुडापासून वीतभर दूर. प्रत्येक मक्क्याला एक वेल पुरे. आधी लावली तर बरबटी मक्क्याला दाबते. कोहळ्याच्या दोनच बिया, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, आणि वेल बाहेरच्या बाजूला वळवा. कोहळं लोभी असतं, दोनच्या वर झाडं ठेवली तर ते सगळा वाफा गिळून टाकतं.

पोळ्याच्या आसपास कणसं निघतात. कणसं तोडा, पण ताटं कापू नका. बरबटी त्यांच्यावरच उभी आहे.

*दुसरी : वांगी, मिरची आणि बुटकी बरबटी*

वांग्याची रोपं लावल्यावर दोन ओळींच्या मधात बुटक्या बरबटीची एक ओळ टोबा. रोपापासून फूटभर अंतर ठेवा. सुरुवातीला वांगं हळू वाढतं, तोवर मधातली रिकामी जागा बरबटी वापरते आणि तण दाबते. वांगं पसरायला लागतं तेव्हा बरबटीच्या शेंगा संपत आलेल्या असतात. मग ती जमिनीलगत कापायची आणि पाला वांग्याच्या बुडाशी अंथरायचा. हीच आपली लाखोळीची रीत, फक्त उलटी: इथे शेंग आधी निघते आणि सोबतीण मागे राहते. बरबटीने वांग्याला सावली केली तर तिचे शेंडे खुडा. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते.

बाजूने झेंडूची चार-पाच झाडं ठेवा.

*तिसरी : कुंपणावर वाल, पायथ्याला पालेभाजी*

कुंपणाला पाच-पाच फुटांवर वालाच्या दोन-दोन बिया. वेल वर जाईपर्यंत पायथ्याशी पालक, चवळाई, सांभार काढून घ्या. वाल शक्यतो बागेच्या उत्तर बाजूच्या कुंपणावर चढवा. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, मग वालाची सावली बागेबाहेर पडते. दक्षिणेच्या कुंपणावर वाल असेल तर आतल्या मेथी-टमाटराला ऊन मिळत नाही.

कांदा-लसूण आणि शेंगा जवळ लावू नयेत असं जुन्या बाया सांगतात. त्याचं एक साधं कारण तर दिसतंच: कांद्याला भरपूर ऊन लागतं आणि वेल ऊन अडवतो. म्हणून कांद्याला उघड्यावर वेगळा वाफा द्या.

मावा आला तर घाबरू नका

बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. लगेच औषध आणायला धावू नका. आधी बघा, त्यात लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आहे का. तो आणि त्याची अळी मावा खातात. मक्क्यावर आणि बरबटीवर हे किडे वाढले की वांगी-मिरचीवरचा मावाही ते खातात. ही सोबतीची दुसरी कमाई. ढालकिडा असेल तर चार-पाच दिवस थांबा. नसेल तर मावा भरलेले शेंडे खुडून टाका. तरी वाढला तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबण चुरा मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची झाली तर तो केवडा. तो पांढऱ्या माशीने पसरतो, औषधाने बरा होत नाही. तसं झाड दिसलं की लगेच काढून दूर गाडा. इथे मुळं ठेवायचा मोह करू नका.

बियाणं आपल्या हातात

बरबटी आणि वालाचा एक मोठा गुण आहे. त्यांची फुलं बहुतेक आपल्याच परागावर धरतात, त्यामुळे गावरान जातीचं बी पुढच्या वर्षीही बहुतेक तसंच निघतं. कोहळ्याचं तसं नाही, ते शेजारच्या कोहळ्याशी मिसळतं. म्हणून बियाणं राखायला शिकायचं असेल तर शेंगेपासून सुरुवात करा. सगळ्यात निरोगी दोन झाडं निवडा, त्यांच्या पहिल्या बहराच्या चांगल्या शेंगा तोडू नका. झाडावरच वाळू द्या. मग दाणे काढा, आणखी दोन-तीन दिवस वाळवा आणि राख मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवा. भुंगा लागत नाही.

अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेतूनच गावरान बियाण्यांचं काम उभं केलं. त्यांच्या बियाणे बँकेत वालाच्या अनेक जाती आहेत. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण कोणती शेंग कधी येते आणि कशी शिजते हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. आपल्या गावातही अशा आज्या आहेत. त्यांच्या मडक्यातलं बी त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका.

ताटातली सोबत

शेवटची सोबत ताटातली. आपण भात खाणारी माणसं. भातातल्या प्रथिनात जे कमी पडतं ते शेंगेच्या दाण्यात असतं, आणि दाण्यात जे कमी ते भातात. दोन्ही सोबत खाल्ले तर शरीराला पूर्ण मिळतं. बरबटीच्या १०० ग्रॅम वाळल्या दाण्यात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. गरोदर बाई आणि लहान लेकरू घरात असेल तर हे विसरू नका. वाळलेला वाल आणि घेवडा मात्र रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नवीन पाण्यात पूर्ण शिजवा. कच्चे राहिलेले दाणे पोटाला बाधतात.

रोवणीच्या दिवसांत आपण दिवसभर चिखलात असतो. बाजाराला जायला वेळ नसतो, आणि हातात पैसाही नसतो. तरोटा, वास्ते आहेत म्हणून भागतं. त्या दिवसांत परसबागेत बुटकी बरबटी तोडायला आलेली असावी, म्हणून ती मृगातच लावायची. एवढं एक काम केलं तरी या लेखाचं सार्थक झालं.

त्या ताईचं काय झालं?

मागच्या दिवाळीला आम्ही दोघींनी मिळून तिची सांदवाडी पुन्हा मांडली. बरबटीचा वेल कापला, मुळं राहू दिली, वर शेणखत टाकलं आणि तिथे पालक-सांभार पेरला. पालक चांगला झाला. घरी खाऊन शेजारी दोन घरी दिला. कुंपणावरचा वाल मात्र वांदरांनी अर्धा नेला. तेही खरं सांगायला पाहिजे. यंदा ती वाल घराच्या अगदी जवळच्या कुंपणावर लावणार आहे, आणि वांग्यात बुटकी बरबटीच टोबणार आहे. बी तिने माझ्याकडून घेताना दोनदा विचारलं, "चढत नाही ना ही?"

तुम्हीही हाच प्रश्न विचारा. बियाणं देणाऱ्या दुकानदाराला विचारा, मलाही विचारा.

पुढच्या बैठकीला येताना

- घरात गावरान बरबटी, वाल, पोपट यांचं बी असेल तर प्रत्येकीने एक मूठ आणा. सोबत चिठ्ठी: वेलाची की बुटकी, कधी लावायची, कधी शेंग येते.
- आपल्या सांदवाडीचा साधा नकाशा वहीत काढा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, कुंपण कोणत्या बाजूला आहे.
- रायझोबियमचं एक पाकीट गटामार्फत आणू आणि वाटून घेऊ.
- मागच्या वर्षी ज्यांची वांगी गेली त्यांनी नक्की यावं. काय झालं ते सगळ्यांसमोर सांगावं. त्या ताईने सांगितलं नसतं तर मी अजून अर्धंच सांगत फिरले असते.

— तुमची कृषी सखी